नोकरीच्या अर्जावर फोटो टाकताना

ताईंनो, हिंजवडीचं आयटी पार्क आणि पिरंगुटचे कारखाने आपल्याच मुळशी तालुक्यात आहेत. हाउसकीपिंग, कॅन्टीन, पॅकिंगच्या कामांसाठी आता मोबाईलवरूनही अर्ज भरतात. नाव, शिक्षण भरून झालं की फोटोचा रकाना येतो आणि तिथं बऱ्याच जणी अडतात. "मी सावळी, फोटो बघूनच नाही म्हणतील," हे बैठकीत कितीदा ऐकलंय.

ही भीती उगाच नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या 2006 सालच्या अभ्यासात दिसलं, की अनोळखी चेहरा सेकंदाच्या दहाव्या भागापुरता दाखवला तरी लोक 'ही विश्वासू, ही हुशार' असं ठरवून मोकळे होतात. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त खात्री वाढते.

पण सुंदर फोटो लावला की नोकरी पक्की, असंही नाही. इस्रायलमध्ये दोन अभ्यासकांनी पाच हजारांवर अर्ज पाठवून पाहिले. देखण्या पुरुषांना फोटोचा फायदा झाला. बायकांना मात्र बिनफोटोच्या अर्जावरच जास्त बोलावणी आली.

मग आपण काय करायचं?

• फोटो सक्तीचा नसेल तर टाकू नका. अनुभव नीट लिहा. गटाचं दप्तर सांभाळलं, बँकेचे व्यवहार केले, हासुद्धा अनुभवच.

• मागितलाच तर दिवसा, उजेडाकडे तोंड करून, साध्या भिंतीसमोर काढा. चेहरा पूर्ण दिसावा. साडी, कुंकू रोजचं चालतं. लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला नको.

• गोरं करणारा फिल्टर नको. मुलाखतीला तुम्हीच जाणार. फोटो आणि माणूस जुळलं नाही, तर उलट शंका येते.

• कुणी व्हॉट्सॲपवर आणखी फोटो मागितले किंवा नोंदणीचे पैसे मागितले, तर तिथंच थांबा आणि गटात सांगा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. ग्रामसंघात सीआरपी निवडताना आपणही कुणाचं दिसणं, राहणीमान बघतोच की! पुढच्या वेळी आधी सगळे अर्ज वाचू, सगळ्यांना तेच प्रश्न विचारू, गुण कागदावर लिहू आणि मगच नाव ठरवू. कंपनीनं आपल्या लेकीला जसं तपासावं असं वाटतं, तसंच आपण दुसरीच्या लेकीला तपासायचं.