वैद्यकाची पदवी आणि वकिलीची सनद

मुरूड तालुक्यांतील काशीद हें गांव तेथील पांढऱ्या वाळूमुळें आणि सुरूच्या झाडांमुळें मुंबई-पुण्याच्या लोकांस चांगलें परिचित आहे. तेथील समुद्र मात्र दिसतो तितका सौम्य नाहीं. लाटेनें ओढून नेलेल्या एखाद्या पाहुण्याचें प्रेत किनाऱ्यास लागलें, कीं त्याच वाळूवर वैद्यक आणि कायदा हीं दोन शास्त्रें समोरासमोर येतात. पोलीस परिसरांतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करतात. पूर्वी हें काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमान्वयें होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें १९४ वें कलम त्या जागीं आलें आहे. मग प्रेत शवपरीक्षेसाठीं डॉक्टरांकडे जातें आणि एक दिसावयास सोपा प्रश्न उभा राहतो. हा मनुष्य पाण्यांत बुडून मेला, कीं मेल्यावर पाण्यांत पडला?

डॉक्टर नाका-तोंडापाशीं आलेला बारीक पांढरा फेस पाहतात, फुगलेलीं फुप्फुसें पाहतात, मुठींत वाळू अथवा शेवाळ घट्ट धरलेलें आहे काय तेंहि पाहतात. कारण मेलेला हात कांहीं पकडीत नाहीं. जरूर पडल्यास हाडांतील मगजांत डायटम नांवाच्या सूक्ष्म पाणवनस्पतींचे अवशेष शोधले जातात. रक्ताभिसरण चालू असेल तरच ते तेथवर पोंचावे, हें त्यामागील तत्त्व. इतकें करूनहि प्रामाणिक डॉक्टर पुष्कळदां ‘बहुधा’ असेंच म्हणतो, आणि उलटतपासणी करणारा वकील नेमकें त्याच शब्दावर बोट ठेवतो. वैद्यक संभवाच्या भाषेंत बोलतें, कायदा पुराव्याच्या. दोन्ही पदव्या एकाच व्यक्तीनें घ्याव्या, ही कल्पना ह्या अडचणींतूनच बळ घेते.

ही अडचण केवळ पुस्तकी नव्हे, हें कोंकणच्याच दुसऱ्या एका किनाऱ्यावर घडलेल्या प्रसंगावरून कळतें. ६ मे १९५३ रोजीं सूर्यास्ताच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या पुळणीवर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. गांवच्या डॉक्टरांनीं लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. पुढें टॅक्सींतून सुमारें दोनशें मैलांचा प्रवास करून ९ मे रोजीं त्याला पुण्यास आणलें. त्याच रात्रीं नऊ वाजतां तो वारला. त्याचे वडील स्वतः दौंड येथें वैद्यकीय व्यवसाय करीत. पुरेशी भूल न देतां हाड जोरानें ओढल्यामुळें बसलेल्या धक्क्यानें मुलगा गेला, असें त्यांचें म्हणणें होतें. उपचार करणाऱ्या शल्यवैद्यांच्या मतें चरबीचे कण रक्तवाहिन्यांत अडकून मृत्यु आला. वाद शेवटीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले ह्या नांवानें तो कायद्याच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतो. २ मे १९६८ रोजीं न्यायालयानें वडिलांस मिळालेली ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. रोगी पत्करावा कीं नाहीं, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, ह्या तिन्ही बाबतींत डॉक्टरानें वाजवी काळजी घेतली पाहिजे, असें त्या निकालांत स्पष्ट झालें. मुलगा कशानें गेला ह्याविषयीं वडिलांचें, म्हणजे एका डॉक्टराचें, मत पहिल्यापासून ठाम होतें. तें न्यायालयाच्या भाषेंत मांडून अंतिम निकाल हातीं येईपर्यंत पंधरा वर्षें लोटलीं.

ह्या दोन विद्यांचा संयुक्त अभ्यासक्रम अमेरिकेंतील कांहीं विद्यापीठांत आहे. सदर्न इलिनॉय विद्यापीठांत तो सहा वर्षांचा आहे. भारतांत तशी सोय रूढ नाहीं. येथें एम्. बी. बी. एस्. चीं साडेचार वर्षें, त्यावर एक वर्ष रुग्णालयांतील उमेदवारी, आणि मग पदवीधरांसाठींचा तीन वर्षांचा एल्एल्. बी., असा क्रम लावावा लागतो. एकूण साडेआठ वर्षें झालीं. घरांतून खर्च करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हा आंकडा आधींच ध्यानांत घेतलेला बरा.

परंतु खरी अडचण पदवी मिळाल्यावर सुरू होते. डॉ. हनिराज चुलानी हे मुंबईंतील शल्यचिकित्सक १९७० पासून व्यवसायांत होते. १९९१ मध्यें त्यांनीं कायद्याची पदवी मिळविली व महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार काउन्सिलकडे सनद मागितली. दुसरा व्यवसाय करणाऱ्यास सनद देऊं नये असा काउन्सिलचा नियम होता, म्हणून ती नाकारण्यांत आली. ८ एप्रिल १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो नियम वैध ठरविला. वकिली पूर्ण वेळ व पूर्ण लक्ष मागते. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याची प्रकृति अचानक बिघडली आणि त्याच वेळीं न्यायालयांत पक्षकाराच्या नांवाचा पुकारा झाला, तर अशा मनुष्यानें कोठें धांवावें? न्यायालयाच्या विचाराचा रोख असा होता. नियम कठोर वाटतो खरा; पण टेबलावरच्या रोग्याच्या बाजूनें पाहिलें तर तो अन्यायाचा म्हणतां येत नाहीं. पदव्या दोन घेण्यास आडकाठी नाहीं. एका वेळीं व्यवसाय मात्र एकच.

म्हणून काशीदच्या एखाद्या मुलीनें हा मार्ग धरावयाचा म्हटलें, तर प्रश्न शिक्षणसंस्थांचा उरत नाहीं. सुमारें ३० किलोमीटरवर अलिबागेस जिल्हा न्यायालय आहे, विधि महाविद्यालय आहे, आणि २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि आहे. वैद्यकी सोडून तिनें सनद घेतली, तर रुग्णालयांविरुद्धचे दावे तिला इतर वकिलांपेक्षां लवकर उमगतील. सनद न घेतां ती न्यायवैद्यकाकडे वळली, तर कायद्याची पदवी भिंतीवर राहील, पण उपयोग रोजचा होईल. न्यायालयांस अशा साक्षीदारांची उणीव अधिक भासते. किनाऱ्यावर सांपडलेल्या प्रेताचा अहवाल लिहितांनाच पुढें साक्षीच्या पिंजऱ्यांत कोणता प्रश्न येणार हें तिला दिसत असेल. ‘बहुधा’ ह्या शब्दाच्या शेजारीं तो कशावरून आला, फेस होता कीं नव्हता, मूठ उघडी होती कीं मिटलेली, हें ती त्याच दिवशीं नोंदवून ठेवील.