चंदीगडचे पावसाळी पाणी : वाहून न्यावे की मुरवावे?

जुलै २०२३ मध्ये चंदीगडला २४ तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले. सुखना चो व पटियाला की राव या दोन हंगामी ओढ्यांच्या दरम्यान आखलेले, उद्यानांसाठी ख्यातनाम असलेले हे नियोजित शहरही जलमय होऊ शकते, हे त्या वेळी दिसले. शेजारच्या मोहालीत, सेक्टर ८१ मधील नॉलेज सिटीसारखे संस्था-परिसर शेतजमिनीवर उभे राहिले आहेत. तेथे पडणाऱ्या पावसाचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ गटारांचा राहत नाही.

वाहून जाणाऱ्या पाण्याला 'अपधाव' म्हणतात. अपधाव गुणांक, पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने अभियंते त्याचा अंदाज घेतात. एक हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०० घनमीटर पाणी जमते. हिरवळीचा गुणांक ०.२ धरल्यास १०० घनमीटर वाहते, काँक्रीटचा ०.९ धरल्यास ४५०. पाऊस तोच, गटारावरील भार मात्र साडेचार पट!

हे पाणी त्वरेने बाहेर काढण्याच्या रूढ पद्धतीने वरच्या वस्तीची सुटका होते, खालच्या वस्तीचा पूर वाढतो. म्हणून अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात १९९० च्या दशकात 'लो इम्पॅक्ट डेव्हलपमेंट', अर्थात अल्प-आघात विकासाची पद्धत आकारास आली. पाऊस पडेल तेथेच त्याला थोपविणे, हे तिचे तत्त्व. खोलगट वृक्षवाफे, गवताचे चर, सच्छिद्र फरसबंदी आणि हरित छपरे ही तिची साधने होत. वाळू-मातीच्या थरांतून झिरपताना पाण्यातील गाळ, तेल व जड धातूंचा बराच अंशही अडतो. आपल्याकडे बागा सहसा कठडा बांधून रस्त्यापेक्षा उंच ठेवतात; अशी हिरवळ रस्त्यावरचा थेंबही घेत नाही. केवळ हिरवे क्षेत्र मोजून म्हणूनच भागत नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. वारंवार पडणाऱ्या मध्यम सरींवर ती प्रभावी ठरते. ३०० मिलिमीटरच्या वृष्टीत मोठे नाले व मोकळे चो यांना पर्याय नाही. चिकणमातीत पाणी मुरत नाही. चंदीगडच्या दक्षिणेकडील काही भागांत वरचे भूजल मुळातच उथळ आहे. तेथे पाणी मुरविण्यापेक्षा टाक्यांत साठविणे श्रेयस्कर. सच्छिद्र फरसबंदीची छिद्रे धुळीने बुजतात, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी तिची सफाई करावी लागते आणि तो खर्च देखभालीच्या अंदाजपत्रकात आधीच धरावा लागतो.