विश्लेषण : तीन इंच की सहा इंच? रिव्हॉल्वर घेताना नळीची लांबी किती महत्त्वाची?

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग आणि कळंब-बार्शी रस्ता येरमाळ्यात एकमेकांना छेदतात. पेट्रोल पंप, ढाबे, रात्रभर चालणारी मालवाहतूक आणि रोकड घेऊन बाजारातून परतणारे व्यापारी असलेल्या या पट्ट्यात ‘एखादे हत्यार जवळ असावे’ असे वाटणारे लोक आहेतच. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४ मधील हत्येनंतर समोर आले आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. परवाना द्यायचा की नाही, हे पोलीस ठाण्याचा अहवाल पाहून जिल्हाधिकारी ठरवतात. मात्र ज्याला तो रीतसर मिळतो, त्याच्यापुढे दुकानात पहिला प्रश्न हमखास येतो : नळी आखूड घ्यावी की लांब?

दुकानात मुळात पर्याय किती?

फारसे नाहीत. सामान्य नागरिकाला .३८ किंवा ९ मिमीचे हत्यार घेता येत नाही, कारण ते बोअर निषिद्ध यादीत मोडतात. त्यामुळे रिव्हॉल्वर म्हटले की .३२ बोअर, नाहीतर .२२. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसासाठी १९८०च्या दशकापासूनच बंद आहे. उरतात ती कानपूरची सरकारी बनावटीची रिव्हॉल्वर आणि अलीकडे उत्तर प्रदेशातच तयार होऊ लागलेली ‘वेब्ली अँड स्कॉट’ची.

कानपूरच्या नेहमीच्या .३२ रिव्हॉल्वरची नळी सुमारे ७६ मिमी, म्हणजे तीन इंच. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेले ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजनाला जेमतेम अर्धा किलो. नळी मात्र तीन इंचांच्याच आसपास. २०२३ मध्ये ‘प्रबळ’ आले. पन्नास मीटरपर्यंत मारा करणारे, ‘लाँग रेंज’ अशी त्याची जाहिरात झाली. नाव ऐकून हातभर नळी डोळ्यांसमोर येते, पण जाहीर झालेल्या माहितीत तिची लांबी पुन्हा ७६ मिमीच आहे! पल्ल्याचा आकडा आणि नळीची लांबी यांचा संबंध गिऱ्हाईक समजते तितका सरळ नाही, हे यावरूनच दिसते.

चार ते सहा इंची नळीचे रिव्हॉल्वर हवे असेल, तर बहुतेकदा जुने विलायती किंवा अमेरिकी हत्यारच शोधावे लागते. ते घरात वारशाने येते किंवा दुसऱ्या परवानाधारकाकडून रीतसर विकत मिळते.

लांब नळीने गोळी जोरात जाते?

जाते, पण थोडीच. काडतुसातली दारू पेटली की तयार होणारा वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळी लांब असली की हा ढकलण्याचा काळ वाढतो आणि वेगही वाढतो. मात्र रिव्हॉल्वरमध्ये काडतुसांचे फिरते चक्र आणि नळी यांच्यात एक बारीक फट असते. तिच्यातून वायूचा काही भाग बाहेर निसटतो. शिवाय .३२ चे काडतूस मुळातच सौम्य. (या काडतुसांच्या बुडावर दिसणारी ‘केएफ’ ही अक्षरे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची.) जेमतेम साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण दोनशे मीटरच्या वेगाने निघते. नळी इंचभर वाढली तर त्यात ढोबळमानाने दहा-पंधरा मीटरची भर पडते आणि पुढच्या प्रत्येक इंचाला ती कमी होत जाते. या जोरासाठी जुने सहा इंची हत्यार जादा पैसे मोजून घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक गल्लत नेहमी होते. रिव्हॉल्वरची नळी मोजताना चक्राच्या पुढच्या तोंडापासून मोजतात. काडतूस बसते ती जागा धरत नाहीत. पिस्तुलात ती धरतात. त्यामुळे तीन इंची रिव्हॉल्वर आणि तीन इंची पिस्तूल यांची तुलना बरोबरीची होत नाही.

मग लांब नळीचा फायदा काय?

नेम. नळीच्या टोकावर पुढची माशी असते आणि मागे खाच. दोघींमधले अंतर जितके जास्त, तितकी हाताची चूक कमी दिसते. तीन इंची नळीच्या रिव्हॉल्वरवर हे अंतर बारा सेंटिमीटर धरू, सहा इंचीवर वीस. माशी खाचेच्या मध्यापासून फक्त एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर आखूड हत्याराची गोळी आठ सेंटिमीटर बाजूला जाईल, लांब हत्याराची पाच. लांब नळी पुढच्या बाजूला वजनही देते, त्यामुळे झटका बसल्यावर तोंड वर कमी उडते आणि दुसरा नेम लवकर साधतो.

म्हणूनच नेमबाजीच्या खेळात लांब नळी दिसते. २५ मीटर पिस्तूल प्रकारात आंतरराष्ट्रीय नियमांनी १५३ मिमीपर्यंतची, म्हणजे सहा इंची नळी चालते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवले. पण तिथे लक्ष्य ठरलेल्या जागी असते, उजेड पुरेसा असतो आणि मागे गोळी अडवणारी भिंत असते.

महामार्गावर काय होते?

तिथे समोरचा माणूस चार-पाच मीटरवर असतो आणि अंधार असतो. या अंतरावर वरच्या हिशेबातला फरक दीड सेंटिमीटरवर येतो. घाबरलेला हात त्याहून कितीतरी जास्त हलतो. घोडा आधी न ताणता थेट चाप ओढला, तर जोर खूप लावावा लागतो आणि नेम तिथेच बिघडतो. उलट सहा इंची नळी बसल्या जागी, सीटबेल्ट लावलेला असताना कमरेतून बाहेर काढणे अवघड. समोरच्याने झडप घातली तर त्याच्या हाती धरायलाही तीच सापडते.

शस्त्र नियम २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी हत्यार म्यानात आणि पूर्ण झाकलेले हवे. येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत लाखोंची गर्दी होते. अशा गर्दीत लांब नळीची मूठ सदऱ्याबाहेर डोकावली, तरी परवाना धोक्यात येऊ शकतो. खरे तर अशा ठिकाणी हत्यार नेऊच नये; चुकलेली गोळी कुणाला लागेल याचा नेम नाही.

त्यामुळे अंगावर बाळगायचे असेल तर तीन इंची नळी पुरेशी आहे. पैसे राहिलेच तर ते सरावाच्या काडतुसांवर खर्च करावेत. घरात किंवा पंपाच्या केबिनमध्येच ठेवायचे असेल तर चार इंची सोयीचे. सहा इंची घ्यावे ते नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्याने. वजनाचाही विचार हवा : हलके हत्यार खिशाला बरे वाटते, पण झटका तेच जास्त देते.

नंतर नळी कापून घेतली तर?

हा सल्ला देणारे भेटतात. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ नुसार खास परवान्याशिवाय कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची तरतूद आहे. हत्यार तुमच्या नावावर आहे, परवाना चालू आहे, याने सुटका होत नाही. शिवाय पुढची माशीही नळीबरोबर जाते.

जुने लांब नळीचे हत्यार स्वस्तात मिळत असेल, तर दुकानात आधी वेगळेच तपासा. चक्र हलते का, नळीसमोर प्रत्येक घर बरोबर येते का, आणि चाप ओढल्याशिवाय घोडा काडतुसापर्यंत पोहोचू नये म्हणून आत अडसर आहे का. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून त्यांच्या पायात घुसली होती. जुन्या हत्यारात असा अडसर नसेल, तर जाणकार सहा घरांत पाचच काडतुसे भरतात आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवतात.