फर्माची सहावी संख्या

४,२९,४९,६७,२९७. या संख्येतून एक वजा केला की जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची एकूण संख्या मिळते. पण गणितात ती गाजली, ती पिएर द फर्माचा अंदाज तिने खोटा पाडला म्हणून.

फर्मा तुलूझच्या न्यायालयात अधिकारी. गणित हा त्याचा फावल्या वेळचा नाद. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या. त्यावरून १६४० मध्ये त्याने पत्रातून कळवलं, की पुढच्याही साऱ्या मूळच असणार. सिद्धता मात्र आपल्याजवळ नाही, हेही त्याने कबूल केलं. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते, अंकगणितात नाही.

पुढची, म्हणजे ३२ व्या घाताची संख्या हीच. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने ऑयलरला पत्राच्या ताजा कलमात फर्माच्या या दाव्याबद्दल विचारलं. १७३२ मध्ये ऑयलरचं उत्तर आलं: ६४१ × ६७,००,४१७.

हा ६४१ नशिबाने हाती लागला नाही. या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवूनच येतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केलं. मग तपासायचं उरतं तरी काय? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार, आणि बाकी शून्य.

भागाकारही नको असेल तर ६४१ कडेच नीट पाहा. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. ६४१ ने भागल्यास त्याची बाकी −१. दोन्हींचा चौथा घात घेतला, की ५ चा चौथा घात गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, बाकी १. आता ५ चा चौथा घात ६२५, म्हणजे ६४१ ला १६ कमी. त्याच्या जागी −१६, म्हणजे उणे २ चा चौथा घात ठेवला, की उणे २ च्या बत्तिसाव्या घाताची बाकी १. म्हणजे खुद्द २ च्या बत्तिसाव्या घाताची बाकी −१, आणि त्यात १ मिळवलेल्या आपल्या संख्येची बाकी अर्थातच शून्य.

मला नवल वाटतं ते फर्माचंच. त्याच १६४० मध्ये त्याने २ च्या सदतिसाव्या घातातून १ वजा करून आलेली बारा आकड्यांची संख्या २२३ ने फोडली होती, आणि तीही अशाच चाळणीने: विभाजक ७४ च्या पटीत एक मिळवून येणार, एवढ्याच आधारावर. हत्यार हातात होतं. आपल्या सहाव्या संख्येवर ते त्याने नेटाने चालवलेलं दिसत नाही.

पहिल्या पाच संख्यांचं मोल मात्र कमी झालं नाही. १७९६ मध्ये, एकोणिसावं पुरं व्हायच्या आत, गाउसने दाखवलं की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो. ६५,५३७ आज आरएसए कूटलेखनात सर्रास वापरला जातो.

सहावा मूळ आकडा या मालिकेत अजून कोणाला सापडलेला नाही. सातवी संख्या १८८० मध्ये लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने वयाच्या ८२ व्या वर्षी फोडली. तिचा लहान विभाजक २,७४,१७७. २ च्या १०,४८,५७६ व्या घातात १ मिळवून येणारी संख्या ३,१५,६५३ आकडी आहे. ती मूळ नाही हे सिद्ध झालंय, पण तिचा एकही विभाजक अद्याप माहीत नाही.