दिसते तसे नसते
जव्हार-मोखाड्याच्या वाटेवरचे चार प्रश्न

सुटी लागली की मुलांना कोठे न्यावे, हा प्रश्न घरोघरी पडतो. मागच्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही भिवंडीहून वाडा-विक्रमगड मार्गे जव्हारला गेलो. तेथे आमचे एक शिक्षक स्नेही राहतात. सोबत दादी, आठवीतला मुलगा आणि सात वर्षांची धाकटी. तीन दिवसांत मुलांनी प्रश्नांची सरबत्ती केली. काहींची उत्तरे आम्हाला ठाऊक होती, काहींची स्नेह्यांकडून कळली, काहींसाठी घरी येऊन पुस्तके काढावी लागली. त्यांतले चार प्रश्न वाचकांपुढे ठेवत आहोत. चारही वेळा एकच गोष्ट पटली : दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.

घाटात कानाला दडे का बसतात?

विक्रमगड मागे पडले, चढण लागली आणि धाकटी म्हणाली, "अब्बा, माझ्या कानात कापूस गेलाय." कानात काहीच गेले नव्हते. गडबड हवेची होती.

आपल्या सभोवती हवेचा दाब असतो. जितके उंच जावे तितका तो कमी होतो. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. तेथे हा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण पाच टक्क्यांनी कमी असतो. कानाच्या पडद्यामागे एक लहानशी पोकळी आहे. तिच्यात खालची, जास्त दाबाची हवा अडकून राहते आणि पडदा आतून बाहेर ढकलला जातो. म्हणून ऐकू कमी येते. या पोकळीतून एक बारीक नळी घशामागे उतरते. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते, दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि कान 'टक्' करून मोकळा होतो.

म्हणजे त्रास कानाचा, पण उपाय घशाचा! मोठ्या मुलांना घाटात गोळी चघळायला द्यावी. तान्हे बाळ रडू लागले तर त्याला दूध पाजावे. गिळता गिळता त्याचे कान मोकळे होतात. मात्र सर्दी असेल तर ही नळी सुजलेली असते आणि दडे लवकर सुटत नाहीत.

काजव्याने हात का भाजत नाही?

रात्री स्नेह्यांनी गावाबाहेर नेले. वळवाचा एक शिडकावा होऊन गेला होता. समोरचे झाड लुकलुकत होते. एक काजवा धाकटीच्या हातावर बसला, तशी ती घाबरून ओरडली, "भाजेल!" थोड्या वेळाने आश्चर्याने म्हणाली, "हा तर थंड आहे."

काजव्याच्या पोटाच्या शेवटी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश बाहेर पडतो. जुन्या तारेच्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून तो हाताला चटका देतो. काजव्याच्या दिव्यात उष्णता जवळजवळ निर्माणच होत नाही.

हा दिवा काही आपल्या करमणुकीसाठी नाही. नर ठरावीक लयीत लुकलुकतो, मादी तिच्या लयीत उत्तर देते. प्रत्येक जातीची लय वेगळी. आपण मोटारीचे दिवे किंवा बॅटरी त्यांच्यावर रोखली की त्यांचा हा संवाद तुटतो. हे कळताच मुलाने मोबाइलची बॅटरी आपणहून बंद केली. अंधारात डोळे सरावल्यावर काजवे उलट जास्तच दिसू लागले.

एवढा पाऊस, मग विहीर कोरडी का?

दुसऱ्या दिवशी मोखाड्याकडे निघालो. वाटेत एका पाड्याच्या विहिरीवर बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. तळाशी गढूळ पाण्याचा थर होता. वाटी-वाटीने पाणी साचायचे, ते भरायचे आणि पुन्हा वाट पाहायची. मुलाने विचारले, "भूगोलात तर इथे खूप पाऊस पडतो असं लिहिलंय. मग पाणी जातं कुठं?"

प्रश्न अगदी रास्त होता. या भागात वर्षाला साधारण अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडतो. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद एवढ्या जागेवर अडीच हजार लिटर पाणी! तीस चौरस मीटरच्या लहानशा छपरावर वर्षाला पंचाहत्तर हजार लिटर पाणी कोसळते. पाच माणसांच्या घराला रोज शंभर लिटर धरले, तर ते दोन वर्षे पुरेल.

पण हा सगळा पाऊस जेमतेम चार महिन्यांत पडतो, आणि खाली आहे काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो तयार झाला. वाळू जसे पाणी शोषते तसे हा दगड शोषत नाही. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मुरेल तेवढेच पाणी विहिरीला मिळते. डोंगरउतार तीव्र, वरची माती पातळ; त्यामुळे पाणी ओढ्याने वैतरणेसारख्या नद्यांना मिळते आणि समुद्राकडे धावते. मोखाड्याच्या हद्दीवर कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. 2014 पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. धरण दरीत आणि पाडे डोंगरावर. पाणी उतारावरून आपोआप धावते, वर मात्र ते पंपानेच चढवावे लागते. त्यासाठी नळ हवा, वीज हवी, पैसा हवा.

म्हणून धावत्या पाण्याला चालायला लावायचे आणि चालत्याला थांबवायचे, हाच उपाय. उतारावर आडवे चर खणायचे, दगडी बांध घालायचे, रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा बांधायचा, छपराचे पाणी टाकीत साठवायचे. झाडेही हेच काम करतात.

त्या दिवशी परत आल्यावर धाकटीने वुजूसाठी नळ पूर्ण सोडला नाही, तांब्या मागितला. हजरत पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत असत, असे हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आतच. दादी हे कितीदा सांगत असत. विहीर पाहिल्यावर ते तिला कळले.

पोट मोठे, मग मूल उपाशी कसे?

चौथा प्रश्न विचारताना धाकटीचा आवाज खाली आला होता. अंगणवाडीपाशी एक मूल उभे होते. हातपाय काडीसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखे. "त्याने एवढं काय खाल्लं?" तिने विचारले.

त्याने खाल्ले नव्हते, म्हणूनच ते पोट तसे होते. पुरेसे अन्न मिळाले नाही की शरीर आपलेच स्नायू जाळून दिवस काढते. पोटाचे स्नायू क्षीण झाले की पुढची भिंत सैल पडते आणि आतडी पुढे येतात. त्यात जंत आणि वायूची भर पडते. काही मुलांच्या यकृतात चरबी साठते, अंगात पाणी साठून सूज येते. अशा सुजेने मूल गुटगुटीतही वाटू शकते! लहान मुलांचे पोट थोडे पुढे असतेच, त्याची भीती नको. पण हातपाय वाळलेले असतील तर सावध व्हावे.

अंगणवाडी सेविकेने एक तीनरंगी पट्टी दाखवली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर त्या पट्टीने मोजतात. घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर हिरवा रंग, त्याहून कमी असेल तर पिवळा, साडेअकराच्या आत असेल तर लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरावा. खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे, मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे. अशा मुलाला दया येऊन एकदम पोटभर जेवू घालू नये. मंदावलेल्या शरीराला तो भार सोसत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावे लागते.

1992 साली याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. पुढे अनेक योजना आल्या. 2015 साली डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू झाली. तिच्यात आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळते, कारण मुलाचे कुपोषण आईच्या पोटातच सुरू होते. तरीही काम संपलेले नाही.

हा प्रश्न फक्त डोंगरावरचा आहे असे मात्र समजू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या आणि पाच वर्षांखालील दर तीन मुलांपैकी दोघांच्या अंगात रक्त कमी आहे. यात भरल्या घरातील बायका-मुलेही आहेत. ताट भरलेले, पण जेवणाबरोबर किंवा लगेच चहा. चहातील द्रव्ये अन्नातले लोह धरून ठेवतात, ते रक्तात जात नाही. लिंबाचा रस मात्र त्याला मदत करतो. जव्हारच्या मुक्कामात मिळालेली नागलीची भाकरी मुलांना आधी काळी म्हणून नको होती. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्याशुभ्र तांदळात त्याचा पंधरावा भागही नसतो. पीठ आंबवून केलेल्या आंबिलीतले लोह तर अधिक सहज अंगी लागते.

घरी परतल्यावर आम्ही जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलला. दादींना पहिले चार दिवस जड गेले. आता त्याच चहा मागणाऱ्यांना घड्याळ दाखवतात. नागली महिन्याच्या किराण्यात आली आणि ताटात लिंबाची फोड.

आपल्या घरात एखादे मूल "असं का?" म्हणून विचारत असेल, तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल तर दोघे मिळून शोधा. आज काजव्याबद्दल विचारणारे मूलच उद्या विचारील, "याचं पोट मोठं का?" आणि कोणीतरी तो प्रश्न वेळेवर विचारला, तर एखादे बाळ वाचेल.