डोलो, क्रोसिन की सर्दीची गोळी? आधी पॅरासिटामॉलचा हिशोब करा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी असो, 6 डिसेंबरला दादरची चैत्यभूमी असो की आपल्या गावची 14 एप्रिलची मिरवणूक असो. जिथे आपला समाज मोठ्या संख्येने जमतो तिथे पाणीवाटप, अन्नदान आणि पुस्तकांच्या स्टॉलसोबत औषधांचे एखादे टेबलही असते. रात्रभर रेल्वेच्या जनरल डब्यात बसून आलेली एखादी मावशी तिथे येते आणि म्हणते, "बाळा, डोकं लई ठणकतंय, एक गोळी दे." कार्यकर्ता स्ट्रिपमधून एक गोळी कापून तिच्या हातावर ठेवतो. मावशी ती पाण्यासोबत घेते आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहते.

हेतू करुणेचा आहे, यात शंका नाही. पण दोन प्रश्न राहून गेले. मावशीने सकाळपासून आधीच कोणती गोळी घेतली होती का? आणि आता घेतलेल्या गोळीचे नाव तिला माहीत आहे का?

आजारी भिक्खूची तथागतांनी आणि आनंदांनी स्वतः शुश्रूषा केली, हा विनयपिटकाच्या महावग्गातील प्रसंग आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्याच ठिकाणी पुढे रुग्णाची सेवा करणारा कसा असावा हेही सांगितले आहे. त्याला औषध तयार करता यावे, आणि रुग्णाला काय मानवते व काय मानवत नाही हे कळावे, अशी अपेक्षा तिथे आहे. म्हणजे सेवेला करुणेइतकीच माहितीही लागते. म्हणून आपल्या प्रत्येकाच्या घरात असणाऱ्या पॅरासिटामॉल या गोळीची नीट ओळख करून घेऊ.

गोळी एक, नावे अनेक

क्रोसिन, कालपोल, डोलो ही कंपन्यांनी दिलेली नावे आहेत. आतले औषध एकच, पॅरासिटामॉल. अमेरिकेत याच औषधाला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि ते टायलेनॉल या नावाने विकले जाते. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेली गोळी काही वेगळी नसते.

हे औषध ताप उतरवते आणि डोकेदुखी, दातदुखी, अंगदुखी, पाळीतल्या वेदना कमी करते. योग्य प्रमाणात घेतले तर पोटाला त्रास देत नाही आणि बहुतेकांना सुरक्षित आहे. याच कारणामुळे लोकांना वाटते की ते कितीही घेतले तरी चालते. धोका तिथेच आहे.

नाव नव्हे, घटक वाचा

एक उदाहरण घेऊ. एका कार्यकर्त्याला ताप आणि सर्दी आहे, पण कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला. तो तापासाठी 650 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा घेतो. नाक वाहते म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणतो, तीही तीन वेळा. मंडप बांधताना कंबर धरली म्हणून मित्राने दिलेली अंगदुखीची गोळी दोन वेळा घेतो. तो म्हणेल, "मी तापाच्या फक्त तीन गोळ्या घेतल्या."

आता हिशोब बघा. तापाच्या गोळ्यांचे झाले 1950 मिलिग्रॅम. सर्दीच्या एका गोळीत 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असेल तर तीन गोळ्यांचे 1500. अंगदुखीच्या गोळीत दुसऱ्या औषधासोबत 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असेल तर दोन गोळ्यांचे 650. एकूण 4100 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा आहे 4000. म्हणजे त्याने मर्यादा ओलांडली आणि त्याला पत्ताही नाही.

कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल असते. अ‍ॅसेक्लोफेनॅकच्या अनेक गोळ्यांतही ते असते. सर्दी-खोकल्याच्या बहुतेक गोळ्यांत ते असते. स्ट्रिपवरचे मोठे नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा. दोन वेगळ्या गोळ्यांवर पॅरासिटामॉल लिहिलेले दिसले तर दोन्ही एकत्र घेऊ नका. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला थेट विचारा: "यात पॅरासिटामॉल आहे का, आणि किती?"

किती आणि किती वेळाने

मोठ्या माणसासाठी नियम सोपा आहे. एका वेळी 500 किंवा 650 मिलिग्रॅमची एक गोळी. दोन गोळ्यांमध्ये किमान चार तासांचे अंतर, सहा तास असेल तर उत्तम. 24 तासांत सगळ्या गोळ्या मिळून 4000 मिलिग्रॅमच्या पुढे कधीही नाही. डॉक्टरांना न विचारता स्वतःहून घेताना 3000 च्या आतच राहावे. म्हणजे 500 च्या जास्तीत जास्त सहा किंवा 650 च्या जास्तीत जास्त चार.

वजन 50 किलोपेक्षा कमी असेल तर मात्रा आणखी कमी लागते. आपल्या वस्त्यांत अशा अनेक बाया, म्हातारी माणसे आणि कॉलेजची मुले आहेत. त्यांनी आणि यकृताचा म्हणजे लिव्हरचा आजार असलेल्यांनी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर रोज पॅरासिटामॉल घेण्याआधी डॉक्टरांना सांगावे.

एका गोळीने दुखणे थांबले नाही म्हणून तासाभरात दुसरी घेऊ नका. गोळीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा ते एक तास लागतो.

यकृतावर ताण कसा येतो

पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृत निरुपद्रवी करते आणि तो लघवीवाटे बाहेर जातो. थोडा भाग मात्र विषारी पदार्थात बदलतो. हे विष निकामी करायला यकृताकडे ग्लुटाथिओन नावाच्या द्रव्याचा साठा असतो. योग्य मात्रेत तो पुरतो. मात्रा वाढली की साठा संपतो आणि ते विष यकृताच्या पेशी मारू लागते.

रोज दारू पिणाऱ्याच्या शरीरात हे विष जास्त तयार होऊ शकते. ज्याला पोटभर जेवण मिळत नाही त्याचा साठा मुळातच कमी असतो. पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात म्हणतो, पण रात्री दारू पिऊन सकाळी डोके धरले म्हणून उपाशीपोटी दोन-दोन गोळ्या घेणारी माणसे आपल्या आसपास आहेत. त्यांना नावे ठेवून उपयोग नाही. "दारू रोजची असेल तर ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या," हे मात्र त्यांना सांगायलाच हवे.

लहान मुलांना मोठ्यांची गोळी नाही

मुलांची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. एका वेळी वजनाच्या दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये सहा तास, आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे 10 किलोच्या बाळाला एका वेळी 100 ते 150 मिलिग्रॅम.

गोंधळ होतो तो बाटलीत. एका सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅम असते, दुसऱ्यात 5 मिलिलिटरला 250. थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरलाच 100 मिलिग्रॅम. थोरल्याची बाटली धाकट्याला वापरली तर मात्रा दुप्पट होऊ शकते. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचे माप वापरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध न देता आधी डॉक्टरांकडे न्या.

"स्ट्राँग गोळी" वेगळीच असते

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक ही वेगळ्या गटातली औषधे आहेत. त्यांनी सूज उतरते, पण पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीवर ताण येतो, रक्तदाब वाढू शकतो. उन्हात दिवसभर चाललेल्या, पाणी कमी प्यायलेल्या माणसाला ती देणे किडनीसाठी अधिक धोक्याचे.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत ताप म्हटले की डेंग्यूची शंका ठेवा. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून या गटातल्या गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन टाळतात. तपासणी होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी.

गरोदर ताईंसाठी

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी गरोदरपणातल्या या गोळीचा संबंध मुलांमधील ऑटिझमशी जोडला आणि ते व्हिडिओ आपल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरले. जागतिक आरोग्य संघटनेने लगेच स्पष्ट केले की असा संबंध सिद्ध करणारा ठोस पुरावा नाही. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासा, हे कालामांना सांगितलेले सूत्र इथे लागू पडते. गरोदरपणात तेज ताप अंगावर काढणे बाळासाठीही चांगले नाही. डॉक्टरांना विचारून, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस पॅरासिटामॉल घेता येते. वर सांगितलेल्या "स्ट्राँग" गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नयेत.

गोळी थांबवून डॉक्टरांकडे कधी जायचे

ताप तीन दिवसांत उतरला नाही, मान ताठरली, अंगावर लाल चट्टे आले, हिरड्यांतून रक्त आले, श्वास लागला किंवा छातीत दुखले तर गोळीवर दिवस ढकलू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आणि बारीक ताप असेल तर सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी मोफत होते. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकेदुखीसाठी गोळी लागत असेल तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण झालेली असू शकते.

कुणी चुकून किंवा मनस्तापाच्या भरात जास्त गोळ्या घेतल्या, तर तो बरा दिसतो म्हणून थांबू नका. पहिल्या दिवशी फक्त मळमळ होते किंवा काहीच होत नाही. यकृत बिघडल्याची लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसतात. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. उशीर झाला असेल तरी जायचेच. 108 ला फोन करा, स्ट्रिप सोबत न्या. मनावर ताण असलेल्या माणसाशी शांतपणे बोला, एकटे सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक त्याला द्या आणि त्याच्यासोबत बसून फोन लावा.

आपल्या टेबलावर काय बदलता येईल

औषधांच्या टेबलावर डॉक्टर किंवा फार्मासिस्ट असलाच पाहिजे. गोळी देण्याआधी चार प्रश्न विचारावेत: आज आधी कोणती गोळी घेतली? लिव्हर, किडनी किंवा पोटाचा आजार आहे का? रोज दारू घेता का? गरोदर आहात का? सुटी गोळी हातावर देऊ नये. कागदाच्या चिठ्ठीवर मराठीत गोळीचे नाव, मिलिग्रॅम आणि दिल्याची वेळ लिहून द्यावी. पुढच्या टेबलावरच्या कार्यकर्त्याला ती चिठ्ठी बघून कळेल की आता दुसरी गोळी द्यायची की नाही. मुदत संपलेल्या आणि नाव नसलेल्या गोळ्या कितीही दानशूराने दिल्या तरी टेबलावर ठेवू नयेत.

येत्या पौर्णिमेला विहारातली वंदना झाली की घरी जाऊन औषधांचा डबा उघडा. प्रत्येक स्ट्रिपवर पॅरासिटामॉल हा शब्द शोधा आणि जिथे सापडेल तिथे पेनने गोल करा. किती गोल झाले ते आई-वडिलांना दाखवा. गोल असलेल्या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, एवढे त्यांच्या लक्षात राहिले तरी पुरे.

जय भीम. नमो बुद्धाय.