जरीच्या पडद्याआडचा शृंगार

पुस्तकात शेरे लिहू नयेत, अशी पाटी प्रत्येक वाचनालयात असते आणि ती कुणी मनावर घेत नाही. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या लहानमोठ्या वाचनालयांत कपाटे चाळताना मला पुस्तकांइतकाच या शेऱ्यांचा नाद लागला. चरित्रे, प्रवासवर्णने बहुधा कोरी असतात. कवितासंग्रह तर उघडलेलेच नसतात. शेऱ्यांची खरी गर्दी ऐतिहासिक कादंबऱ्यांत, आणि तीही दोनच ठिकाणी: लढाईपाशी आणि अंतःपुरापाशी.

यात एक गंमत आहे. लढाईजवळचा शेरा शाईपेनने लिहिलेला असतो. सन चुकला, अमका किल्ला तेव्हा मराठ्यांकडे नव्हताच, लेखकाने बखर नीट वाचलेली नाही. खाली कधी कधी सहीसुद्धा असते. अंतःपुराजवळचा शेरा मात्र शिसपेन्सिलीचा, पुसट आणि निनावी. ‘वा!’, ‘छान’, ‘अती झाले’, नाहीतर नुसती उभी रेघ. त्याच पानाचा कोपरा दुमडून दुमडून मऊ पडलेला असतो. इतिहासावरचे मत सही ठोकून द्यायचे आणि शृंगारावरचे पुसता येईल असे द्यायचे, ही आपल्या वाचकाची रीत.

ही रीत समजून घ्यायची तर 1962 सालाकडे जावे लागते. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधी पोर्तुगालच्या सालाझारच्या राजवटीत छापील मजकुरावर सेन्सॉरची नजर असे, आणि पन्नाशीच्या दशकात भारताने नाकेबंदी केल्यावर मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पुस्तकांची वाट आणखीच अरुंद झाली. ज्या पत्रादेवीच्या नाक्यावर 1955 च्या 15 ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच नाक्यावरून आता बांद्याची आणि सावंतवाडीची गाडी सरळ पेडण्यात येऊ लागली. 24 मार्च 1962 रोजी पणजीत दैनिक ‘गोमन्तक’ सुरू झाले. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात तीन गोष्टी घडल्या. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ प्रसिद्ध झाली, वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले आणि ‘रंभा’ नावाच्या मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ छापून आली.

पहिल्या दोहोंना आमच्याकडे दार सताड उघडे होते. ‘रायगडाला’ गावोगावच्या जत्रांत हौशी मंडळींनी लावले. ‘स्वामी’ला 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि माधवराव-रमाबाईंची ती कादंबरी सासऱ्याच्या देखत सुनेने वाचावी इतकी घरंदाज ठरली. तिसरी मात्र कोर्टात गेली.

काकोडकर हे आडनाव काकोड्याचे, म्हणजे गोव्याचेच. त्यांच्या कादंबऱ्यांचा खप मोठा होता. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून राज खोसलांनी 1969 मध्ये ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट काढला, तो पाहिलेल्या पुष्कळांना मूळ लेखक मराठी असल्याचे ठाऊक नसते. ‘श्यामा’चा नायक निशिकांत हा शिक्षक आणि कवी. नीला, वनिता आणि श्यामा या तीन स्त्रियांशी त्याचे जे संबंध येतात त्यांची ही गोष्ट. ती अश्लील असल्याची फिर्याद पुण्यात दाखल झाली. खालच्या कोर्टाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने लेखकाला आणि मुद्रक-प्रकाशकाला दोषी धरून प्रत्येकी 25 रुपये दंड केला, वर अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितले. रक्कम एवढीशी, पण लेखकाच्या नावावर अश्लीलतेचा शिक्का बसला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 25 ऑगस्ट 1969 रोजी सुटले.

निकाल न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांनी लिहिला. तो वकिलांपेक्षा वाचकांनी वाचावा असा आहे. अश्लीलतेची कल्पना देशागणिक आणि काळागणिक बदलते, कलाकृती सबंध वाचून पाहावी लागते, एखाद्या विकृत वाचकाचे काय होईल यावरून पुस्तकाची पारख करता येत नाही, आणि स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख अश्लील मानला तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. गोष्ट फार चांगली लिहिली आहे असे काही न्यायालयाने म्हटले नाही. वाईट लिहिणे हा गुन्हा नाही, एवढेच त्यातून निघाले. अवघ्या पाच वर्षांपूर्वी याच न्यायालयाने ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निकालाचे वजन कळते.

‘श्यामा’ आजच्या वाचकाच्या हाती दिली तर तो पाने उलटून विचारील, यात आहे तरी काय? त्याच काळातल्या कितीतरी ऐतिहासिक कादंबऱ्यांत याहून मोकळा शृंगार सापडतो. तिथे फक्त शेजघर महालातले असते, समया तेवत असतात, पैंजण वाजतात आणि नायकाला ‘स्वारी’ म्हणतात. भाड्याच्या खोलीत जे चावट ठरले, ते महालात भारदस्त झाले. या कादंबऱ्यांवर फिर्यादी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. इतिहासाची जरी पांघरली की प्रणयाला सोवळ्यात घेता येते, हे आमच्या वाचकांनी कोर्टाच्या आधी ओळखले होते. मुंबईला कामाला असलेला माणूस चवथीला घरी येताना ट्रंकेत भाड्याच्या वाचनालयाची काकोडकरी कादंबरी आणी, ती वर्तमानपत्राचे कव्हर घालून गादीखाली जाई. पेशव्यांवरची कादंबरी ओसरीवर उघडी पडलेली असे.

आमच्या भागात याला आणखी एक कारण आहे, ते पुण्याच्या वाचकाच्या लक्षात येणार नाही. पेडणे, डिचोली हा नव्या काबिजादीचा मुलूख. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता, पोर्तुगिजांकडे उशिरा गेला. त्यामुळे जुन्या काबिजादीत देवळे आणि भाषा यांच्यावर जे संकट आले त्याची झळ इथे फारशी पोचली नाही. कीर्तन, पोथी, शाळा, पत्रव्यवहार मराठीत चालू राहिला. पण घरात बोलायची ती कोंकणी. रुसणे कोंकणीत, समजूत काढणे कोंकणीत. संसार एका भाषेत आणि वाचलेला प्रणय दुसऱ्या भाषेत. ‘आपण आलात, दासी धन्य झाली’ असे वाक्य पेडण्याच्या कुठल्याही घरात कुणी बोललेले नाही. म्हणूनच ते वाचताना संकोच वाटत नसे. हेच सगळे कोंकणीत लिहिले असते तर पुस्तक हातातून गळून पडले असते, असे मला एका वयस्क वाचक बाईंनी सांगितले, आणि या विषयावर मी ऐकलेले हे सर्वांत नेमके मत आहे.

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ 1972 मध्ये आली. बाजीराव-मस्तानीची कथा महाराष्ट्राला ठाऊक होती, पण इनामदारांनी तिच्यातली तगमग उघडी केली. सन 1729 मध्ये बंगशाच्या वेढ्यात अडकलेल्या बुंदेलखंडच्या राजा छत्रसालाच्या मदतीला बाजीराव धावून गेला, तिथून मस्तानी पुण्यात आली. 1740 च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारला, तेव्हा ती त्याच्याजवळ नव्हती. घरच्यांनी तिला अडकवून ठेवले होते. अस्सल कागदांत मस्तानी फार थोडी सापडते. कादंबरीकाराला मोकळे रान मिळाले ते त्यामुळेच.

‘राऊ’बद्दल आमच्याकडे जी मते ऐकू येतात त्यांत शृंगार पटकन मागे पडतो. पुरुष वाचक तारखांवर आणि मोहिमांवर घसरतात. बायका बाजीरावाच्या पत्नी काशीबाईंची बाजू घेऊन भांडतात. तिच्या वाट्याला लेखकाने पाने कमी दिली ही त्यांची तक्रार, आणि ती मला रास्त वाटते. 2015 च्या डिसेंबरात संजय लीला भन्साळींचा ‘बाजीराव मस्तानी’ आला, तो या कादंबरीवरून. त्यात काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचवले म्हणून पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली. काशीबाईंच्या कैवारी वाचकांना ते गाणे पाहून काय वाटले असेल, ते सांगायला नको.

तिसरे मत फारसे मोठ्याने बोलले जात नाही. मस्तानीची कथा गोव्याच्या देवळाभोवतीच्या वस्तीत वाचली गेली तेव्हा ती पुण्याच्या वाड्यातली राहिली नाही. देवळांच्या सेवेतल्या भाविणी आणि कलावंतिणी यांच्या घरांना आपल्या समाजाने नेमके हेच सांगितले होते: गाणे हवे, सहवास हवा, लग्न नको. बा. भ. बोरकरांनी ‘भावीण’ लिहून हे दुखणे मराठी कादंबरीत आणले, पण ती समकालीन गोष्ट असल्याने टोचली. ‘राऊ’त तेच दुखणे दोनशे वर्षे मागे गेले आणि सहन होण्याजोगे झाले. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर पेडण्यात जन्मले, याच घरांतून घडलेल्या गोमंतक मराठा समाजातले. ज्या समाजातून असा माणूस वर आला, त्यातल्या आजीने मस्तानीसाठी डोळे पुसले तर ते केवळ प्रणयकथेचे रडणे नव्हते.

जाता जाता एक गंमत सांगतो. बाजीराव-मस्तानीच्या वंशाची नबाबी बुंदेलखंडात बांद्याला होती. पेडण्याच्या वाचकाला बांदा म्हणजे पत्रादेवी ओलांडल्यावर लागणारे गाव. मस्तानीचा नातू अली बहाद्दर आपल्या बाजारहाटाच्या गावी राज्य करीत होता, अशा समजुतीत काही काळ वावरलेले वाचक मला भेटले आहेत. मी स्वतः त्यांतला एक.

डिचोलीचा वाचक अधिक चिकित्सक. त्याच्या दारात इतिहास आहे. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला, तो शिलालेख देवळावर आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला तेव्हा डिचोलीत राहिला होता. बाप दख्खनेत उतरलेला, मुलगा परमुलखात, समोर समुद्र, पलीकडे इराण: कादंबरीला याहून काय लागते? पण मराठी ऐतिहासिक कादंबरी पुणे, सातारा आणि रायगड सोडून आमच्याकडे क्वचितच येते. डिचोलीकराचा राग शृंगारावर नाही, या दुर्लक्षावर आहे. पन्हाळ्यावरचे चुंबन चालते, मांडवीकाठचे का सुचत नाही, असा त्याचा रोकडा सवाल.

आणि शृंगाराचे म्हणाल तर आमचा वाचक मुळात प्रेक्षक आहे. जत्रेतल्या दशावतारात पुरुषाने वठवलेली नायिका मध्यरात्री राजाला भुलवते, तेव्हा आजा, नातू आणि भटजी एकाच मांडवात बसलेले असतात. कुणी मान खाली घालत नाही. तोच प्रसंग छापून आला की पुस्तक गादीखाली जाते. ऐकलेला शृंगार सगळ्यांचा असतो, वाचलेला एकट्याचा. म्हणून कादंबरीवरचे इथले सर्वांत मोठे कौतुक ‘वाक्ये पाठ झाली’ हे असते, आणि सर्वांत मोठी निंदा ‘संवाद बोलता येत नाहीत’ ही. या कसोटीवर ‘स्वामी’ उतरते, ‘राऊ’ उतरते. पुढच्या काळात नुसती मागणी पुरवण्यासाठी लिहिलेल्या पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्या उतरत नाहीत. त्यांत शृंगार भरपूर आहे, पण एकही पात्र माणसासारखे बोलत नाही. माझे मत विचाराल तर अश्लीलतेपेक्षा हा अपराध मोठा.

आता पुन्हा दिवाळी अंकाकडे येतो. मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’चा, 1909 सालचा. तो काढणारे का. र. मित्र मूळचे आजगावकर. आजगाव पेडण्याहून तेरेखोल नदीपलीकडे, हाकेच्या अंतरावर. त्याच्या शेजारच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत शिक्षक होते. पुढे त्यांनीच ‘ययाति’ लिहिली आणि भोगाची कथा ज्ञानपीठापर्यंत नेली. इतके सगळे या नदीच्या दोन काठांवर घडले, पण ‘रंभा’च्या 1962 च्या त्या दिवाळी अंकाची प्रत मला पेडण्यात मिळाली नाही, डिचोलीतही नाही. तसले अंक रद्दीत आधी जातात. वाचक मित्रहो, या दिवाळीला माळा झाडताना वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले एखादे जुने पुस्तक किंवा अंक हाती लागला, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. तालुक्याच्या वाचनालयात नेऊन द्या. आत शिसपेन्सिलीचे शेरे असतील तर ते पुसू नका.